नटाला निरोप कसा द्यायचा?

नट निवृत्त झाला की आपण मराठी माणसं भांबावून जातो. बाकी सगळ्यांच्या निवृत्तीचं काय करायचं ते आपल्याला नीट माहीत आहे. आमच्या इस्लापूरसारख्या लहान गावातसुद्धा जिल्हा परिषदेचे गुरुजी निवृत्त झाले की शाळेच्या पटांगणात मांडव पडतो. शाल, श्रीफळ, फेटा, सपत्नीक सत्कार, कुणीतरी साहेबांचं लांबलेलं भाषण आणि शेवटी बुंदी-मसालेभात. एस्टीच्या ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीला गाडीला हार घालतात. आणि १६ नोव्हेंबर २०१३ ला सचिन वानखेडेवरच्या खेळपट्टीला नमस्कार करून निघाला तेव्हा तर आमच्या स्टेशन रोडच्या दुकानांतल्या टीव्हीपुढे उभी राहून बाप्ये माणसं डोळे पुसत होती, हे मी स्वतः पाहिलंय.

नटाचं मात्र तसं होत नाही. तो म्हणाला, 'आता थांबतो', की आपण एक तर त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, नाहीतर तो गेलाच असं धरून चालतो. मधलं काही आपल्याला येतच नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण विक्रम गोखले. दरवर्षी २६ नोव्हेंबर जवळ आला की त्यांचे फोटो फोनवर येऊ लागतात. खाली मेणबत्ती, दोन फुलं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पाठवणाऱ्यांचा भाव खरा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातल्या एकालाही मी विचारलं की बाबा, हा माणूस रंगभूमीवरून निवृत्त कधी झाला, तर सांगता येत नाही. मरण २०२२ चं, निवृत्ती २०१६ ची. फेब्रुवारी २०१६. मधल्या जवळपास सात वर्षांचा हिशेब कुणाकडेच नाही.

त्या वेळी झालं काय होतं? गोखल्यांना घशाचा त्रास सुरू झाला आणि त्यांनी जाहीर केलं की यापुढे नाटकात काम करणार नाही, सिनेमात करीन. बस्स, एवढंच. पेपरात बातमी आली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बातम्या आल्या. पुण्यात राहणारा माझा मावसभाऊ तेव्हा म्हणाला होता, "ही कसली रे निवृत्ती? अर्धी! सिनेमा चालू, सीरियल चालू, फक्त नाटक बंद." आणि मग जरा हसून, "तसंही तुम्हाला तिकडे काय फरक पडतो? तुमच्याकडे नाटक येतंच कुठे?"

या दोन वाक्यांचं उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितोय. उशीर झालाय, पण भांडण शिळं झालेलं नाही.

आधी दुसरं वाक्य, कारण ते जास्त झोंबलं. खरं आहे, आमच्याकडे नाटक येत नाही. नांदेडला शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे, कुसुम सभागृह आहे, राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे. पण इस्लापूरहून नांदेड शंभराच्या आसपास किलोमीटर. रात्रीचा प्रयोग बघून परत यायचं तर गाडी नाही. राहायचं तर कुणाच्या घरी, हा प्रश्न. म्हणजे नाटक बघणं हे आमच्या माणसाला लग्नाला जाण्यासारखं आहे, आठ दिवस आधी ठरवावं लागतं. मुंबई-पुण्याची नाटकं मराठवाड्यात दौरा करतात तेव्हा औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, फार तर लातूर, नांदेड. किनवट तालुका हा त्या नकाशात नाहीच. पैनगंगेच्या काठाला नकाशा संपतो. पलीकडे यवतमाळ, तिकडे खाली आदिलाबाद. आमच्या पोरांना तेलुगू पिक्चरची गाणी पाठ असतात आणि 'बॅरिस्टर' हे नाटकाचं नाव आहे हेही माहीत नसतं. यात पोरांची काही चूक आहे का?

तर मग विक्रम गोखले आमच्याकडे आले कसे? 'माहेरची साडी' मधून. १९९१ चा सिनेमा. जत्रेतल्या तंबूत, व्हिडिओवर, नंतर टीव्हीवर, आमच्या भागातल्या बायकांनी तो किती वेळा पाहिला असेल याला गणती नाही. त्यात गोखले अलका कुबलच्या बापाचं काम करतात. बायको बाळंतपणात गेली म्हणून त्या लेकरावरच राग धरून बसलेला बाप. आमची माय त्यांना बघून पदर तोंडाला लावायची आणि म्हणायची, "असा बाप वैऱ्याला नको गं माय!" शेजारच्या काकू तर पडद्याकडे बघून बोटं मोडायच्या. बरं, तो बाप काही मारझोड करणारा खलनायक नव्हता. निळू फुल्यांसारखं नुसतं आल्याबरोबर बायकांनी पदर सावरावा असंही काही नव्हतं. तो नुसता लेकीकडे बघायचा नाही! नजर वळवायचा. न बघण्याचं काम इतकं नीट करणारा नट मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि शेवटी त्याची नजर जेव्हा वळते, तेव्हा तंबूतला हुंदका आवरायचा नाही.

तेव्हा मला माहीत नव्हतं की हा माणूस नाटकातला आहे. नंतर कळलं. त्यांची पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई या दोघी फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'मोहिनी भस्मासुर' मधल्या, म्हणजे भारतीय सिनेमात काम करणाऱ्या अगदी पहिल्या बायका. वडील चंद्रकांत गोखले नामांकित नट. चार पिढ्या तोंडाला रंग लावून जगलेलं घर. नाटकातला नट सिनेमात आला की आवाज मोठा करतो, हातवारे करतो, अशी एक तक्रार असते. गोखल्यांचं उलटं. ते थांबायचे. वाक्याच्या मध्येच थांबायचे, आणि पुढचा शब्द येईपर्यंत समोरच्याचा श्वास अडकायचा. काही जणांना त्या थांबण्याचा कंटाळाही यायचा, माझ्या बायकोला अजून येतो. ती म्हणते, यांचं वाक्य संपेपर्यंत माझा कुकर होतो. असो.

मुद्दा काय, तर आमच्यासारख्यांनी ज्यांना कधी रंगमंचावर पाहिलं नाही त्यांनाही ती रंगमंचावरची निवृत्ती लागते. विहीर आटली की ओढ्याला लागतंच. तंबूत बसून आम्ही जे बघत होतो ते त्याच विहिरीचं पाणी होतं. भाऊ म्हणतो 'तुम्हाला काय फरक पडतो', तेव्हा तो असं धरून चालतो की नाटक ही नाट्यगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्यांची मालमत्ता आहे. मला तर उलट वाटतं. ज्याला पुण्यात दर शनिवारी बघता येत होतं आणि तरी ज्याने 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत पाच वर्षं घालवली, त्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये काय गमावलं? आम्ही तर कधी तरी बघू अशी आस गमावली. ती आस हीच आमची मालमत्ता होती.

आता पहिलं वाक्य. 'अर्धी निवृत्ती.'

ज्यांना नाटकाचं काम ठाऊक नाही त्यांना हे अर्धं वाटणारच. सिनेमात नटाच्या छातीशी, नाहीतर डोक्यावर, माईक असतो. तो कुजबुजला तरी चालतं. एक वाक्य बिघडलं तर परत घेता येतं, आवाज बसला तर चार दिवसांनी डबिंग करता येतं. नाटकात अडीच-तीन तास, शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत, आपला आवाज आपणच पोचवायचा. तोही ओरडून नाही. कुजबूज असेल तर कुजबूजच ऐकू गेली पाहिजे, पण बाल्कनीपर्यंत. आणि आज रात्री मुंबईत, उद्या दुपारी नाशिकला, परवा पुण्यात. मधल्या प्रवासात बसमध्ये झोप. हे सगळं घशावर येतं. गवयाचा गळा जसा त्याचं दुकान, तसा नाटकातल्या नटाचा घसा. जयवंत दळवींचं 'बॅरिस्टर', विजयाबाई मेहतांनी १९७७ साली बसवलेलं, त्यात गोखल्यांनी जे काम केलं ते ज्यांनी पाहिलं ते लोक अजून त्या बॅरिस्टरच्या आवाजाबद्दल बोलतात. चेहऱ्याबद्दल नंतर. तो आवाज पूर्वीसारखा निघत नाही हे ज्याला स्वतःला पहिल्यांदा ऐकू आलं असेल, त्याच्या मनात काय झालं असेल याचा विचार करा. आणि त्याने काय केलं? तिकीट काढून आलेल्या माणसाला कमी माल द्यायचा नाही, दुकान बंद. याला अर्धी निवृत्ती म्हणायचं? पूर्ण निवृत्त होणारे पुष्कळ असतात, वयच झालेलं असतं. कुठल्या कामाला आपण अजून पुरे पडतो आणि कुठल्या नाही, हे ओळखून नेमकं तेवढंच सोडणं फार अवघड आहे. मी आमच्या गावात सत्तरीची माणसं बघतो. औत हाकवत नाही तरी पोराच्या हातात कासरा देत नाहीत.

आणि आपले रसिक काय म्हणतात? 'खरा कलावंत कधी निवृत्त होत नाही.' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला दोन दिवस दौऱ्याच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसवायला पाहिजे. ऐकायला गोड आहे, पण त्याचा अर्थ काढून बघा. अर्थ असा की तू दमलास तरी आमच्यासाठी उभा राहा, पडलास तर रंगमंचावरच पड म्हणजे आम्हाला सांगायला बरं. हा रसिकपणा नव्हे, हा सावकारी हट्ट आहे. बालगंधर्व वय झालं, शरीर साथ देईना, तरी स्त्रीवेषात उभे राहत होते आणि लोक जुन्या आठवणींवर टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांनी त्यांचं कर्ज फिटलं का? भगवानदादा, 'अलबेला' चे भगवानदादा, बंगला, गाड्या सगळं गेल्यावर दादरच्या चाळीत राहून पुढे कितीतरी वर्षं सिनेमात एखाद्या मिनिटाची कामं करत राहिले. गाण्याच्या गर्दीत दोन पावलं नाचायचं, आपण ओळखायचं, खूष व्हायचं. २००२ साली ते गेले. ते 'निवृत्त झाले नाहीत' हे खरं आहे. त्यांना निवृत्त होणं परवडलं नाही, हेही खरं आहे. यातलं दुसरं आपण कधी म्हणत नाही.

आपल्या डोक्यात नटाच्या निवृत्तीचं एकच चित्र आहे, आणि ते 'नटसम्राट' चं. २३ डिसेंबर १९७० ला पहिला प्रयोग झाला, तेव्हापासून आपण गणपतराव बेलवलकरांसाठी रडतोय. नाटक थोरच आहे, कुसुमाग्रजांबद्दल मी काय बोलावं! पण एक गोष्ट बघा. नाटकाची सुरुवातच सत्काराने होते. म्हातारा नट निवृत्त झालाय, हारतुरे झालेत, सगळं ऐकायला गोड आहे. पुढे त्याची दशा होते ती मुलांनी केली म्हणून, अशी आपण समजूत करून घेतली. घरोघरी मुलांना ऐकवायला बरं पडतं. पण तो हार घालणारा समाज पुढच्या अंकांत कुठे असतो? त्या हजारो प्रेक्षकांपैकी एक जण तरी विचारतो का की गणपतराव आता कुठे राहतात, जेवले का? बूट-पॉलिश करणारा पोरगा त्यांना सांभाळतो, ज्याने त्यांचं एकही नाटक पाहिलेलं नाही! मला तरी ते नाटक पोरांपेक्षा प्रेक्षकांवरचं आरोपपत्र वाटतं. आणि आरोपी आपण, पन्नास वर्षं पुढच्या रांगेत बसून रुमाल ओले करतोय.

त्या पहिल्या नटसम्राटाची, डॉ. श्रीराम लागूंची, गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. ते कान-नाक-घशाचे सर्जन होते. चांगली चाललेली डॉक्टरी सोडून १९६९ साली, बेचाळिसाव्या वर्षी, पूर्ण वेळ नट झाले. म्हणजे त्यांनी निवृत्ती आधी घेतली आणि नोकरी मग धरली. घसा कसा चालतो हे शस्त्र हातात धरून पाहिलेल्या माणसाने घसा पणाला लावायचा धंदा निवडला. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'लमाण'. शहरातल्या वाचकाला ते नाव जरा गूढ वाटत असेल, आम्हाला नाही, आमच्या चारी बाजूंनी तांडे आहेत. बैलांच्या पाठीवर माल लादून इथला तिथे नेणारा तो लमाण. नट म्हणजे लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत पोचवणारा लमाण, असा त्यांचा अर्थ. मला हे नटसम्राटापेक्षा जास्त पटतं. सम्राट पदावरून उतरला की शोकांतिका होते. लमाणाने ओझं उतरवलं तर त्याला आधी पाणी द्यायचं असतं.

२०१६ च्या १ जानेवारीला महेश मांजरेकरांचा 'नटसम्राट' सिनेमा आला. नाना पाटेकर गणपतराव आणि विक्रम गोखले त्यांचे जुने नटमित्र रामभाऊ. आमच्याकडच्या पोरांनीसुद्धा तो पाहिला. पुढच्याच महिन्यात त्यातल्या रामभाऊंनी खरोखरच रंगमंच सोडला. पडद्यावरच्या म्हाताऱ्या नटासाठी थिएटरं भरून माणसं रडली आणि खऱ्या नटाची बातमी आतल्या पानावर. योगायोग म्हणून सोडून देता येईल. मला सोडवत नाही.

बरं, त्यानंतर ते काही घरी बसले नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये 'एबी आणि सीडी' आला. घरात कुणी विचारत नाही असा म्हातारा आणि त्याचा शाळासोबती अमिताभ बच्चन. आठवड्यात कोरोनाने थिएटरं बंद झाली, बिचाऱ्या सिनेमाचं नशीब. मग 'गोदावरी', ११ नोव्हेंबर २०२२ ला लागला. नाशिकची गोदावरी, पण आमच्या नांदेडचीही तीच की, आणि आमची पैनगंगासुद्धा फिरून फिरून शेवटी तिलाच मिळते. आणि त्याआधीचा 'अनुमती', गजेंद्र अहिरेंचा, ज्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफान खानबरोबर विभागून. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी तो बघा. निवृत्त मास्तर, बायको व्हेंटिलेटरवर, पैसे संपत आलेले, मुलगा म्हणतो सही करा. आणि हा माणूस सही करत नाही, दारोदार पैसे मागत हिंडतो. आमच्या भागात असे मास्तर मी पाहिलेत. नांदेडच्या दवाखान्यात बाहेर पायरीवर बसलेले, हातात पिशवी, पिशवीत पासबुक. गोखल्यांनी ती पिशवी कशी धरायची ते कुठून शिकलं असेल?

आता ज्या गोष्टीसाठी मला खरा राग आहे ती. २३ नोव्हेंबर २०२२ ची रात्र. गोखले पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात अत्यवस्थ होते. रात्रीच कुणीतरी उठवलं की गेले. झालं! हिंदीतल्या मोठमोठ्या नटांनी श्रद्धांजल्या लिहिल्या, चॅनेलांनी जीवनपट लावले, आमच्या गावातल्या तीन ग्रुपांवर मेणबत्त्या आल्या. घरच्यांना सांगावं लागलं की अहो, ते आहेत, व्हेंटिलेटरवर आहेत, प्रार्थना करा. मधल्या दिवसांत जरा सुधारणा आहे अशीही बातमी आली. २६ तारखेला ते खरोखर गेले. त्या तीन दिवसांत 'अनुमती' चा मास्तर मला सारखा आठवत होता. त्याने सही केली नाही. इकडे आपण सगळ्यांनी, कुणी मागितली नसताना, बसल्या जागी सह्या करून टाकल्या.

अफवा पसरवणाऱ्याला शिव्या देऊन हे मिटत नाही. अफवा खरी का वाटली? कारण आपल्या लेखी ते २०१६ लाच अर्धे गेलेले होते. जिवंत नटाला काय म्हणायचं याचा आपल्याकडे मजकूर तयार नव्हता, मेलेल्या नटाचा होता. आमच्या सरहद्दीपलीकडे बघा. चिरंजीवी २००८ ला राजकारणात गेला आणि सिनेमा सोडला, तर तेलुगू प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं त्याची वाट पाहिली. २०१७ ला परत आला तेव्हा आदिलाबादच्या बाजूला सणासारखं वातावरण. त्यांची नटभक्ती मला पटत नाही, दुधाचे अभिषेक तर मुळीच नाहीत. पण त्यांना आपला नट कुठे आहे, काय करतोय हे माहीत तरी असतं!

आणि हो, गोखले देव नव्हते. २०२१ मध्ये देशाच्या स्वातंत्र्याबद्दलच्या एका नटीच्या वक्तव्याची त्यांनी बाजू घेतली, ते मला बिलकूल आवडलं नव्हतं. मराठवाड्याच्या माणसाला स्वातंत्र्य १३ महिने उशिरा, १७ सप्टेंबर १९४८ ला मिळालं, त्यामुळे या विषयावर आमची कातडी पातळ आहे. त्या दिवशी मी घरात पुष्कळ बडबडलो. पण मत पटलं नाही म्हणून 'माहेरची साडी' तला बाप खोटा होत नाही. आजकाल लोक एका वाक्यावरून अख्खा माणूस फेकून देतात आणि मेल्यावर उचलून मखरात बसवतात. दोन्ही फाजील.

मग निरोप द्यायचा म्हणजे करायचं काय? सत्कार? हार? त्याचं उत्तर खुद्द गोखल्यांनीच दिलेलं आहे, आणि ते भाषणात नव्हे. पुण्याजवळची आपली एक एकर जागा त्यांनी ज्येष्ठ कलाकारांच्या निवाऱ्यासाठी देऊ केली. ज्याच्या घरात चार पिढ्या नट झाले त्याला नक्की माहीत होतं की निवृत्त नटाला शाल नाही, छप्पर लागतं. ही बातमी तुमच्यापैकी किती जणांनी पुढे पाठवली होती? मेणबत्त्या किती पाठवल्या?

सरकारची योजना आहे, नाही असं नाही. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन. पूर्वी त्यात तीन वर्ग होते, राष्ट्रीय कलावंताला महिना ३,१५० रुपये, राज्याच्या पातळीवरच्याला २,७०० आणि स्थानिकाला २,२५०. म्हातारपणी भूकसुद्धा अ, ब, क! २०२४ साली ते वर्ग काढून सगळ्यांना सरसकट ५,००० केले, राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं. चांगलं केलं. पण एका जिल्ह्यातून वर्षाला निवड होते शंभर जणांची. नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके. वासुदेव, गोंधळी, पोतराज, शाहीर, भजनी मंडळं, तमाशातली माणसं, तांड्यांवरचे गाणारे, गोंडांचे ढेमसा नाचणारे आणि वाजंत्री. सोळाने भागा शंभराला.

आमच्या गावाजवळच्या वाडीतले एक आजोबा आहेत. जन्मभर तमाशात सोंगाड्याचं काम केलं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत त्यांचा फड लागायचा तेव्हा लोक झाडांवर चढून बघायचे, असं माझे वडील सांगायचे. आता दात नाहीत, त्यामुळे शब्द फुटत नाहीत, म्हणून त्यांनीच काम सोडलं. कुणी काढलं नाही. "माणसं हसंनात, मंग कशाला उभं राहावं?" असं मला म्हणाले. बघा, घशाच्या जागी दात, बाकी कारण तेच! त्यांच्या मानधनाच्या अर्जासाठी मी एका कचेरीत दोनदा गेलो. साहेब चांगले होते, चहा पाजला. म्हणाले, कलेच्या सेवेचे पुरावे जोडा. कात्रणं, प्रमाणपत्रं, फोटो. आता तमाशातल्या सोंगाड्याला प्रमाणपत्र कोण देतं? हँडबिलावर नाव फडमालकाचं. आजोबा तिथेच उभे राहून म्हणाले, "साहेब, करून दाखवू का?" साहेब हसले. मी हसलो नाही.

ज्यांना मानधन मिळतं त्यांनाही आपण हयात आहोत याचा दाखला द्यावा लागतो. तिकडे पुण्यात जिवंत नटाला लोकांनी रातोरात मारलं, इकडे म्हाताऱ्या कलावंताने आपण जिवंत आहोत हे कागदावर सिद्ध करायचं. माझ्या मावसभावाला आता फोन केला तर तो म्हणेल, तू कुठली गोष्ट कुठे नेतोस. नेतो. एकाच गावची आहे ती.

तेव्हा मंडळी, आणि विशेषतः नांदेड, लोहा, कंधारकडचे आमचे सगळे नातेवाईक, एक काम आहे. १९७० ते १९९५ च्या दरम्यान माळेगावच्या यात्रेत काढलेले फोटो तुमच्या कुणाच्या जुन्या अल्बमात असतील तर बघा. तमाशाच्या तंबूबाहेर काढलेला असेल तर फारच उत्तम. हँडबिल, पावती, जुन्या पेपरातलं कात्रण, काहीही चालेल. काकांच्या ट्रंकेत असं पुष्कळ असायचं, ती ट्रंक आता कुणाकडे आहे तेही कळवा. मूळ कागद नको, झेरॉक्स किंवा फोनवर फोटो काढून पाठवला तरी पुरे. आजोबांची उंची बेताची, डाव्या भुवईवर खूण आहे, आणि सोंगात असतील तर डोक्यावर उलटी टोपी असेल.